स्वखुशीचे पीस

त्या राज्यात सूर्य ठरल्या वेळी उगवत असे, आणि ठरल्या वेळी होणारी तेवढी एकच गोष्ट होती. बाकी सगळे ठोक्यावर चाले.

ठोका म्हणजे सुतार पक्ष्याने पोकळ खोडावर चोचीने उडवलेली ठकठक. राज्याच्या मधोमध एक पाणवठा होता, पाणवठ्याच्या काठावर एक अवाढव्य उंबर होता, आणि दोन्ही अस्वलअण्णांच्या मालकीचे होते. ते त्यांचे कधी आणि कसे झाले हे कोणाला आठवत नव्हते, आणि विचारणे बरे दिसत नव्हते. उन्हाने तापलेले गवे, सांबरे आणि रानडुकरे लांबलांबून तिथे पाणी प्यायला येत. अण्णांसाठी वाटेतले एखादे मधाचे पोळे शिंगावर अडकवून आणत. पाहुणे आले की मोठ्या पंखांच्या पक्ष्यांनी त्यांना वारा घालायचा, लहानांनी त्यांच्या पाठीवरच्या गोचिड्या वेचायच्या. एका पाळीला पाच उंबरे मिळत. त्या ऋतूत फळावर आलेले झाड सगळ्या मुलखात तेवढे एकच होते, म्हणून पाच उंबरे थोडी असे कोणी म्हणत नसे.

पाहुणे कधी येतील हे पाहुण्यांनाही ठाऊक नसे. तेव्हा कामावर कधी यायचे हे कामकऱ्यांनाही ठाऊक असायचे कारण नाही, असे अण्णांचे सरळ मत होते. ठोका पडला की यायचे. उशीर झाला तर आपल्या फांदीवर दुसरा बसलेला दिसे. आणि धावतपळत आल्यावर पाहुण्यांनी वाट बदलली असली, तर दिवसभर फांदीवर बसून रिकाम्या चोचीने परत जायचे. जाताना अण्णा मायेने म्हणत, “चालायचंच. आपण सगळे एकाच झाडाखालचे.” झाडावरच्या फळांचा मात्र ते कधी असा मोघम उल्लेख करत नसत.

या झाडाखाली धनेश कामाला होता. भली मोठी पिवळी चोच, आणि पंख असे की एका डोंगराआडून उडत आला तरी त्यांचा घोंघावता आवाज आधी पोचे. वारा घालणाऱ्यांत त्याचा पहिला नंबर होता आणि त्याला ते माहीत होते. दोन डोंगर पलीकडे, एका म्हाताऱ्या पिंपळासमोर, बेहड्याच्या खोडात त्याचे घर होते. दरवर्षी अंडे घालायच्या दिवसांत त्याची बायको धनेशी त्या ढोलीत शिरे आणि चिखलाने ढोलीचे तोंड आतून लिंपून घेई. चोच जाईल एवढी फट ठेवी, बस. मग तीन महिने ती बाहेर येत नसे. खायचे ते नवऱ्याने आणून फटीतून द्यायचे. हा त्यांच्या कुळाचा रिवाज होता. त्याला कोणी कैद म्हणत नसे, कारण भिंत जिची तिनेच घातलेली असे.

त्या ढोलीत धनेशीला बाहेरचे काही दिसत नसे. दिसे ती फक्त नवऱ्याची चोच. पण तिला ऐकू सगळे येई. पंखांचा आवाज दुसऱ्या डोंगरापलीकडून उठला की ती फटीशी येऊन बसे.

गेल्या साली हा आवाज सलग तीन दिवस उठला नव्हता. ठोक्यामागून ठोके पडत होते, गवे येत नव्हते, आणि धनेश फांदीवर बसून होता. उठून जावे तर नेमके तेव्हाच गवे येतील. चौथ्या दिवशी भुकेने व्याकूळ होऊन धनेशीने भिंत फोडली आणि ती दाण्याच्या शोधात बाहेर पडली. संध्याकाळी ती परत आली तेव्हा अंडे गार पडले होते. त्यावर ती दोघे पुढे फार बोलली नाहीत. यंदा पुन्हा एक अंडे होते.

“आज काही नाही?” एका संध्याकाळी तिने फटीतून विचारले.

“गवे आलेच नाहीत.”

“मी कालपासून उपाशी आहे, हे गव्यांना कळवलं होतंत का?”

धनेश त्या रात्री झोपला नाही, आणि दुसऱ्या दिवशी कधी नव्हे ते फांदीवरच्या सोबत्यांशी बोलला. बगळा सगळ्यांत आधी तयार झाला. गोचिड्या वेचता वेचता अंगात आलेला राग तो एका पायावर उभा राहून गिळत असे. आता त्याने दुसरा पाय खाली टेकला.

त्या मुलखाचे नियम हत्ती करत. वर्षातून एकदा त्यांचा कळप पाणवठ्यावर थांबे, तक्रारी ऐके, आणि काठच्या ओल्या मातीत पायाने नियम उमटवून पुढे जाई. हत्तींचे नियम मोठे असत, खोल असत आणि मनापासून केलेले असत. ते पाळले जातात की नाही हे बघायला मात्र कळप पुढच्या वर्षीच येई.

कळपाची म्होरकी थोरली हत्तीण होती. तिने धनेशचे सगळे शांतपणे ऐकले. गार पडलेल्या अंड्यापाशी तिचे कान हलायचे थांबले.

“किती दिवस आधी कळलं तर तुमचं भागेल?” तिने विचारले.

असे आजवर धनेशला कोणी विचारलेच नव्हते. त्याने घाईघाईने अवसेपासून पुनवेपर्यंत मोजले. “चौदा,” तो म्हणाला.

हत्तिणीने पाय उचलला. कोणाला कधी कामावर यायचे हे चौदा सूर्योदय आधी कळवावे. त्यानंतर मालकाने पाळी बदलली, तर बदलापोटी एक उंबर जास्तीचे द्यावे. दिवस मावळेपर्यंत राबलेल्याला दुसऱ्या पहाटेची पाळी लावू नये. एकेक ठसा उमटत गेला तसे फांद्यांवरून पंखांची फडफड झाली.

अण्णांनी सगळ्यांत आधी मान डोलावली. छातीवर पंजा ठेवून ते म्हणाले, “हे मला आधी सुचलं नाही याची लाज वाटते. एकच शंका आहे. उद्या एखाद्यालाच आपण होऊन यावंसं वाटलं तर? त्याच्या खुशीच्या आड नियमाने का यावं?”

हत्ती विचारात पडले. खुशीच्या आड येणारा नियम त्यांना कसासाच वाटला. “पण ती त्याचीच खुशी हे ओळखायचं कसं?” हत्तीण म्हणाली. “हो म्हणून कोणीही सांगेल.”

आणि इथे धनेश बोलला. सगळी सभा आपले ऐकते आहे, हत्तीण आपल्याकडे बघते आहे, याची त्याला थोडी चढली होती. “खूण ठेवावी,” तो म्हणाला. “खोटी करता येणार नाही अशी. ज्याची खुशी त्याने आपलं एक पीस द्यावं.”

“पिसं तर झाडाखाली पडलेलीच असतात,” बगळा म्हणाला. “ती कोणीही उचलेल.”

“मग पंखातलं घ्यावं! उडायचं, लांब पीस. आपल्याच चोचीने काढलेलं. ते ज्याचं त्याच्याच पंखाला बसतं. असं पीस कोण उगाच देईल?”

हत्तिणीला हे फारच पटले. एवढी चोख खूण तिच्या कोणत्याच नियमाला आजवर मिळाली नव्हती. तिने शेवटचा ठसा उमटवला, धनेशकडे बघून सोंड उंचावली, आणि कळप डोंगरापलीकडे गेला.

संध्याकाळी धनेशने फटीशी बसून सगळी हकीगत सांगितली. पिसाची गोष्ट त्याने दोनदा सांगितली. धनेशी तेव्हा आपल्याच गळलेल्या पिसांवर बसली होती, कारण ढोलीत शिरल्यावर जुनी पिसे झडून नवी येणे हाही त्यांच्या कुळाचा रिवाज. त्यांतले एक तिने चोचीने उलटून पाहिले.

“चांगलं सुचवलंत,” ती मग म्हणाली, आणि तिने उंबर घेतले.

पुढचे दिवस खरोखर सुखाचे गेले, हे कबूल केले पाहिजे. अण्णांची कारकून साळिंदरबाई. ती आपल्याच काट्याने सागाच्या रुंद पानावर टोचून टोचून नावे काढी आणि पान उंबराला टांगे: कोण, कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी. चौदा सूर्योदय आधी, एकही कमी नाही. धनेश पान पाठ करून घरी जाई आणि सांगे, “उद्या दुपारी येईन. परवा सकाळीच.” आणि तो येई. धनेशीला भूकसुद्धा वेळेवर लागू लागली. एकविसाव्या दिवशी, सांगितलेल्या वेळी, तो फटीशी उतरला तेव्हा आतून दोन चोची पुढे आल्या. एक मोठी आणि एक, उघडीच राहिलेली, अगदी लहान. धनेशला काय करावे ते कळेना. त्याने आणलेले सगळे एकदम देऊन टाकले आणि उगाचच बेहड्याभोवती तीन घिरट्या घातल्या.

तिकडे अण्णांचे दिवस मात्र बरे चालले नव्हते. एकदा गवे सांगितल्या दिवसाआधी आले आणि चार पक्ष्यांना अवेळी बोलवावे लागले. नियमाप्रमाणे चार उंबरे जास्तीची गेली. अण्णांनी ती स्वतः तोडून दिली, आणि देताना प्रत्येक फळाकडे असे पाहिले की घेणाऱ्यालाच चोरी केल्यासारखे व्हावे. संध्याकाळी ते जेवले नाहीत. म्हणजे एकच पोळे खाल्ले.

साळिंदरबाईला ते बघवेना. तशी ती कोणाचे वाईट चिंतणारी नव्हती. नियम काट्याच्या टोकाइतका नेमका पाळावा, एवढेच तिला कळे. तो कोणाच्या बाजूने पाळला जातो हे बघणे तिच्या कामात येत नव्हते. ती म्हणाली, “अण्णा, शेवटचा ठसा आपण अजून वापरलाच नाही.”

दुसऱ्या दिवशी धनेशची पाळी संपली आणि तो घरी निघाला, तेव्हा अण्णांनी त्याला शेजारी बसवून घेतले.

“धनेशा, दुपारनंतर गव्यांचा मोठा कळप येतोय. मी तुला थांब म्हणणार नाही. नियम म्हणजे नियम. तूच तो करून घेतलास, मला त्याचा अभिमान आहे. आपलं सहज कानावर घातलं.”

“मी घरी सांगून आलोय, अण्णा. दुपारी पोचतो म्हणून.”

“मग जाच तू. बगळ्यालाही मी हेच म्हणालो, जा म्हणून. तो गेला.” आणि अण्णांनी डोळे मिटून घेतले.

बगळा गेला होता हे खरे. पुढचे पान लागले तेव्हा त्यावर त्याचे नाव एकदाच होते. त्याच्या पुढच्या पानावर ते नव्हतेच. यात गैर काही नव्हते. काम नाही हेसुद्धा त्याला चौदा सूर्योदय आधी कळवले होते.

पण ते पुढचे. त्या दुपारी धनेश फांदीवर बसून राहिला. अण्णांनी डोळे उघडले, त्याला बघून त्यांना नवल वाटले, आनंद झाला. “तुझी खुशी?” त्यांनी विचारले. धनेशने मान डोलावली. साळिंदरबाई हातातली परडी घेऊन उभीच होती. पंखातले पहिले पीस काढताना दुखले, पण फार नाही.

तो घरी पोचला तेव्हा दिवस कलला होता. धनेशी फटीशीच होती.

“आज तुमचा आवाज वेगळा आला,” ती म्हणाली. “मधेच शीळ घातल्यासारखा.”

“आज वारा फार आहे,” धनेश म्हणाला.

बाहेर वारा आहे की नाही हे तिला कळायला मार्ग नव्हता. तिने पिल्लाला भरवले.

मग हे अंगवळणी पडले. मोठा कळप आला की अण्णा सहज कानावर घालत, आणि धनेशला खुशी होई. पहाटेची पाळीही खुशीत बसू लागली, त्याला आणखी एक पीस. पाच उंबरे मिळत, बदलाचे जास्तीचे उंबर मिळत नसे. खुशीच्या कामाला भरपाई कसली? तरी पाच म्हणजे पाच, आणि फटीत आता दोन चोची होत्या. पानावर त्याचे नाव सगळ्यांत जास्त वेळा असे. गव्यांसमोर अण्णा त्याच्या पाठीवर पंजा ठेवून म्हणत, “हा आमचा धनेश. याला बोलवावं लागत नाही.” धनेशला हे आवडे, ही यातली सगळ्यांत वाईट गोष्ट.

उपटलेले पीस पुन्हा येत नाही असे नाही. त्याला पोटभर खाणे, सावली आणि निवांतपणा लागतो. या तिन्ही गोष्टी दोन डोंगर पलीकडच्या ढोलीत होत्या, आणि तिथे धनेशीच्या पंखांत एकेक नवे, काळेभोर पीस भरत होते.

खुणा जपून ठेवाव्यात असे हत्तींनी सांगितलेच होते. अण्णांनी त्या आपल्या निजायच्या शिळेवर ठेवल्या, तिथे ओल नव्हती. एकावर एक ठेवून चुरगळू नयेत म्हणून पसरल्या. आणि वाऱ्याने उडून जाऊ नयेत म्हणून ते स्वतः त्यांच्यावर झोपू लागले.

धनेशला आता घरी पोचायला वेळ लागे. एका डोंगरावर दोनदा टेकावे लागे. फटीशी धनेशी रोज काहीतरी बोलायला जाई आणि तो त्याच्या आधीच म्हणे, “वारा आहे.” सात-आठ दिवस सलग वारा असल्याचे ऐकल्यावर तिने विचारायचे सोडून दिले.

काम सुटलेला बगळा मात्र गप्प बसला नाही. हत्तींनी जाताना हद्दीवरच्या कासवाला तपासनीस नेमले होते. बगळ्याने त्याला गाठून सगळे सांगितले. कासव सज्जन होते आणि कोणाचीही लाच खाणारे नव्हते. ते हळहळले. “मी स्वतः येऊन बघतो,” ते म्हणाले. “आधी मालकाला चौदा सूर्योदयांची सूचना देतो.”

“त्याला कशाला सूचना?” बगळा ओरडला.

“न कळवता कोणाच्या दारात जाऊन उभं राहायचं? अरे, तुमचं भांडण तरी याच्यावरच होतं ना?”

 बगळा पुन्हा एका पायावर उभा राहिला.

पंधराव्या दिवशी कासव पोचले. त्याने सागाची सगळी पाने मोजली. प्रत्येक पान वेळेवर लागले होते. मग त्याने अण्णांच्या शिळेवरून एकेक पीस मागवले आणि धनेशला पंख पसरायला सांगितले. धनेशने पंख पसरला. त्यात पीस कमी आणि आकाश जास्त होते. कासवाने पहिले पीस पहिल्या खाचेशी धरले.

“बसतं,” ते म्हणाले. दुसरे धरले. “बसतं.” असे ते सतरा वेळा म्हणाले. एकही खूण खोटी निघाली नाही.

“ही पिसं कोणी उपटली?”

“मीच.”

“कोणाच्या सांगण्यावरून?”

धनेशने अण्णांकडे पाहिले. अण्णा त्याच्याकडे ओल्या डोळ्यांनी बघत होते. त्यांच्या मागे पुढच्या पंधरवड्याचे पान टांगलेले होते आणि साळिंदरबाईने त्यावर अजून नावे काढली नव्हती. धनेशला फटीतली ती लहान चोच आठवली. शिवाय खरे सांगायचे तर अण्णा ‘थांब’ असे एकदाही म्हणाले नव्हते.

“कोणाच्याच नाही,” तो म्हणाला.

कासवाचा जीव भांड्यात पडला. चौदा दिवस चालून त्याचे पाय भरून आले होते. अण्णांनी त्याला आपल्या शिळेवर जरा आडवे व्हायला लावले. स्वखुशी इतकी मऊ असते याची त्या बिचाऱ्याला कल्पना नव्हती. ते दुपारभर झोपले, आणि हद्दीवर परतल्यावर त्याने निरोप धाडला की हत्तींचा नियम या राज्यात अक्षरशः पाळला जातो, आणि इतके खुशीने राबणारे पक्षी आपण दुसरीकडे पाहिलेले नाहीत.

साळिंदरबाईने मग पान पुरे केले. त्यावर धनेशचे नाव नव्हते.

“वारा पुरत नाही रे,” अण्णा हळुवारपणे म्हणाले. “गवे तक्रार करतात. अजून चौदा दिवस आहेत, मी काही आजच्या आज जा म्हणत नाही. घरी सगळी बरी आहेत ना? बायकोचे पंख वगैरे?”

“नवे आलेत,” धनेश म्हणाला. त्याला यात विशेष काही वाटले नाही.

चौदा दिवस सरले तेव्हा उरलीसुरली पिसेही झिजली होती आणि त्याला उडता येत नव्हते. शेवटच्या पाळीची पाच उंबरे त्याने घशात साठवली, ज्या पानावर आपले नाव नाही ते पान का कोण जाणे चोचीत धरले, आणि तो पायी निघाला. एवढ्या मोठ्या चोचीचा पक्षी पायवाटेने चालताना पाहून रानातली पोरेसोरे हसली. पहिला डोंगर ओलांडायला त्याला एक दिवस लागला.

ढोलीत धनेशी कान देऊन बसली होती. शीळ घातल्यासारखा का होईना, आवाज येईल म्हणून तिने एक दिवस वाट पाहिली आणि अर्धा दिवस. पिल्लू ओरडून थकले. गेल्या सालची ती चौथी सकाळ तिला आठवली, आणि या वेळी ती थांबली नाही. तिने चोचीने भिंत फोडली. बाहेर येऊन पंख उघडले, तेव्हा ते असे भरदार वाजले की तिचीच ती दचकली.

दुसऱ्या डोंगराच्या उतारावर तिला नवरा दिसला. पहिल्यांदा तिने त्याला ओळखले नाही, कारण तिने त्याला कधी चालताना पाहिले नव्हते. मग ती खाली उतरली. त्याच्या पंखांकडे तिने एकदाच पाहिले.

“वारा?” ती म्हणाली.

धनेश रडला. तिने त्याच्या घशातली उंबरे घेतली, उडत जाऊन पिल्लाला भरवली, आणि पुन्हा येऊन त्याच्या पावलाने चालत त्याला घरी आणले. तोवर पिल्लाने ढोलीची फुटलेली भिंत आतून पुन्हा लिंपायला घेतली होती. त्याला कोणी शिकवले नव्हते.

उडता न येणाऱ्या पक्ष्याला जमिनीवर कोल्ह्यांची भीती. बेहड्याच्या मुळाशी एक पोकळी होती, तीत धनेश शिरला. धनेशीने चिखल आणला, सागाचे ते पान मधे घातले, आणि पोकळीचे तोंड बाहेरून लिंपले. चोच जाईल एवढी फट ठेवली. आत निवांतपणा होता, सावली होती. खाणे मिळाले तर पिसे येणार होती.

“मी पाणवठ्यावर जाते,” ती म्हणाली. “पानावर असेल तेवढंच करीन. एक पीस द्यायची नाही.”

धनेशला तिला जाऊ नको म्हणायचे होते. पण त्या ऋतूत फळावर आलेले झाड तेवढे एकच होते, आणि वर पिल्लू ओरडत होते. “कोणत्या वेळी येशील?” एवढेच त्याने विचारले.

त्याला आता कामच ते होते. संध्याकाळी तो फटीशी बसे आणि कान देई. दुसऱ्या डोंगरापलीकडून आवाज उठे, सांगितल्या वेळी, घोंघावता, सलग, कुठेही खंड नसलेला. तो आवाज ऐकला की त्याला वाटे, हिचे निराळे आहे. ही पहिल्यापासूनच माझ्याहून शहाणी. असे तेरा दिवस गेले.

चौदाव्या दिवशी आवाज यायला उशीर झाला. दिवस कलला तेव्हा तो उठला, आणि धनेशने श्वास रोखून धरला. घोंघावण्याच्या मधेच, अगदी बारीक, शीळ होती.

धनेशी आधी वर गेली, मग मुळाशी उतरली. तिने उंबर त्याच्या चोचीत ठेवले आणि तो काही विचारणार त्याच्या आत म्हणाली, “आज वारा फार आहे.”

फटीतून समोरचा पिंपळ दिसत होता. त्याचे एकही पान हलत नव्हते.